आधी नाद, मग चाल

लेखमाला : नवं ऐकताना (भाग ६)

नव्या गाण्यांची शिफारस केली की एक तक्रार हमखास ऐकू येते : चालच लक्षात राहत नाही. ही तक्रार आळसातून येत नाही, म्हणून ती झटकून टाकण्यासारखी नाही. नाट्यगीत, भावगीत आणि चित्रपटगीत यांवर वाढलेल्या कानाची ती रास्त कसोटी आहे. मुखडा मनात घर करतो का, अंतऱ्यावरून पुन्हा मुखड्याकडे यायचं वळण सुरेख आहे का, शब्द चालीत नीट बसले आहेत का, आणि काम करता करता गाणं गुणगुणता येतं का, एवढं तपासलं की आपला निवाडा होतो. पण गेल्या सात-आठ वर्षांत जगभर जे उत्तम संगीत झालं, त्यातल्या बऱ्याचशा संगीतात रचनेचं मुख्य काम चालीकडून नादाकडे सरकलं आहे. नाद म्हणजे इथे आवाजाचा पोत : कोणतं वाद्य, ते किती जवळून वाजतं, त्याच्याभोवती किती जागा मोकळी सोडली आहे, खर्ज किती खोल आहे, कोणता आवाज मुद्दाम काढून टाकला आहे. या आठवड्याच्या शिफारशी याच निकषावर निवडल्या आहेत. त्यात गझल आहे, जॅझ आहे, पॉप, फ्लामेंको, रॅप आणि हाउसही आहे. दुकानातल्या कप्प्यांप्रमाणे त्या सहा ठिकाणी जातील, पण ऐकण्याची रीत सगळ्यांना एकच लागू पडते.

पहिली शिफारस अरूज आफ्ताब यांच्या ‘व्हल्चर प्रिन्स’ (२०२१) या अल्बमची आणि त्यातल्या ‘मोहब्बत’ या गाण्याची. हफीज होशियारपुरींची ही गझल मेहदी हसन यांच्या आवाजात आपल्याकडच्या गझलप्रेमींना पाठ आहे, त्यामुळे तुलनेला ती फार सोयीची. मेहदी हसन यांच्या गायकीत हार्मोनियम सुरांची पाठराखण करते, तबला ठेका धरून असतो आणि गायक एकेका शेराला नव्या हरकती घेत फुलवत नेतो. ऐकणाऱ्याचं लक्ष ‘आता हे कुठून समेवर येणार’ याकडे लागलेलं असतं. लाहोरात वाढलेल्या, बोस्टनच्या बर्कली महाविद्यालयात शिकलेल्या आणि ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या आफ्ताब यांनी हा सगळा सांगाडाच उतरवून ठेवला आहे. हार्मोनियम नाही, तबल्याचा ठेका नाही. गिटारच्या तारा एकेक करून छेडल्या जातात, आवाज खालच्या पट्टीत राहतो, आणि थोड्याच ओळींना सात मिनिटांहून अधिक वेळ दिलेला आहे. हरकतींची आतषबाजी शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत गिटारचा नाद विरत जातो, त्याकडे कान दिला की मात्र कळतं की विरहाचा अर्थ इथे त्या जागेकडे सोपवला आहे. हा अल्बम आफ्ताब यांनी आपल्या दिवंगत धाकट्या भावाला अर्पण केला आहे. ‘मोहब्बत’साठी त्यांना २०२२ मध्ये ग्रॅमी मिळालं, आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या पाकिस्तानी कलाकार ठरल्या. याच अल्बममधलं ‘बाग़ों में’ हार्पच्या तारांवर उभं आहे. तेही जरूर ऐका.

आता एक असा अल्बम, ज्यात माझं म्हणणं टोकाला जाऊन तपासता येतं. फ्लोटिंग पॉइंट्स या नावाने संगीत करणारे इंग्लिश संगीतकार सॅम शेफर्ड, अमेरिकन सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा यांचा ‘प्रॉमिसेस’ हा अल्बम २०२१ मध्ये आला. शेफर्ड यांनी मज्जाविज्ञानात डॉक्टरेट केलेली. सँडर्स हे साठच्या दशकात जॉन कोल्ट्रेन यांच्या साथीला वाजवलेले, ध्वनिमुद्रणाच्या वेळी ऐंशीकडे झुकलेले बुजुर्ग. सगळी रचना एकसंध आहे : नऊ भाग, सुमारे ४६ मिनिटं. तिचा पाया म्हणजे सात-आठ सुरांची एक छोटी आकृती. ती येते, थांबते, पुन्हा येते, आणि जवळजवळ अखेरपर्यंत येतच राहते. चालीच्या कसोटीवर हा अल्बम पहिल्या मिनिटालाच नापास होईल, कारण चाल म्हणावी असं त्यात एवढंच आहे. पण तानपुऱ्याच्या साक्षीने आलाप ऐकलेल्या माणसाला इथे परकं वाटायचं कारण नाही. न बदलणारी गोष्ट मागे सतत असली की पुढे होणारा बारीकसा बदलही मोठा वाटतो, हे आपल्या मैफलीने आपल्याला शिकवलेलं आहे. सँडर्स यांचा सॅक्सोफोन सुरुवातीला जेमतेम श्वासाएवढा येतो; फुंकरीची खरखर, पट्ट्यांची हालचालसुद्धा ऐकू येते. मधल्या एका भागात ते वाद्य बाजूला ठेवून शब्दांवाचून, तोंडातल्या तोंडात पुटपुटल्यासारखे गातात. सहाव्या भागात ऑर्केस्ट्राची तंतुवाद्यं चढत जातात तेव्हा ती मूळची छोटी आकृती जणू बुडून जाते आणि नंतर पुन्हा वर येते. तुकड्या-तुकड्याने हे ऐकण्यात अर्थ नाही. ४६ मिनिटं सलग द्यावी लागतात. या यादीतली एकच गोष्ट ऐकायची असेल तर ही ऐका.

पॉपमध्ये हाच बदल अधिक उघडपणे दिसतो. बिली आयलिशचा ‘व्हेन वुई ऑल फॉल अस्लीप, व्हेअर डू वुई गो?’ हा २०१९ चा अल्बम लॉस एंजेलिसमधल्या आईवडिलांच्या घरात, भाऊ फिनियस याच्या झोपायच्या खोलीत तयार झाला. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. पुढच्या वर्षी ग्रॅमीचे चारही प्रमुख पुरस्कार तिने एका रात्रीत मिळवले. ‘बॅड गाय’मध्ये सिडनीच्या रस्त्यावरच्या पादचारी सिग्नलची टकटक आहे, तर ‘बरी अ फ्रेंड’मध्ये दाताच्या डॉक्टरच्या ड्रिलचा आवाज. पण खरी करामत तिच्या गळ्याच्या जवळिकीत आहे. एवढं हळू गाणं पूर्वी वाद्यांच्या गर्दीत हरवून गेलं असतं. इथे गर्दीच हटवलेली आहे, म्हणून कुजबुज सगळ्यात पुढे उभी राहते. स्पेनच्या रोसालिया यांचा ‘एल माल केरेर’ (२०१८) त्याहून धाडसी. फ्लामेंकोचं रीतसर शिक्षण घेतलेल्या या गायिकेने पदवीचा प्रकल्प म्हणून तो रचला, कथासूत्र घेतलं तेराव्या शतकातल्या ‘फ्लामेंका’ या कथाकाव्याचं, आणि टाळ्यांच्या पारंपरिक लयीखाली इलेक्ट्रॉनिक खर्ज घातला. एका गाण्यात तर मोटरसायकलच्या इंजिनाची गुरगुर तालवाद्याच्या जागी येते. कथा एका स्त्रीला मत्सरापोटी कोंडून ठेवणाऱ्या पुरुषाची असल्यामुळे ती गुरगुर नुसती गंमत उरत नाही, धमकी होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : हे सगळं यंत्राचं काम, यात कलावंताचं कौशल्य काय? याचं उत्तर एका यंत्राच्या इतिहासात सापडतं. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० मध्ये टीआर-८०८ हे तालयंत्र बाजारात आणलं. खऱ्या ड्रमसारखं ते वाजत नाही म्हणून ते फारसं खपलं नाही, आणि काही वर्षांत त्याचं उत्पादन थांबलं. जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागलं, तेव्हा हिप-हॉप करणाऱ्या तरुणांच्या हाती आलं, आणि त्यांनी त्याचा जो दोष समजला जात होता त्यालाच हाताशी धरलं. त्याच्या खर्जातल्या ठोक्याची आस लांबवर रेंगाळते. त्या रेंगाळण्यावर त्यांनी गाणी उभी केली. यंत्र तेच होतं. त्यात काय ऐकायचं हे माणसांनी ठरवलं, आणि कौशल्य म्हणतात ते हेच. भारतातलं उदाहरण हवं तर दिल्लीच्या प्रभ दीप यांचा ‘क्लास-सिख’ (२०१७) ऐका. पश्चिम दिल्लीतल्या टिळक नगरमधली गल्ली, नशेच्या आहारी गेलेली पोरं, शीख तरुणाची घुसमट हा त्याचा ऐवज. भाषा मुख्यतः पंजाबी. पण पंजाबी अजिबात न येणाऱ्यालाही तो धरून ठेवतो तो सेझ ऑन द बीट यांच्या ताल-रचनेमुळे. पंजाबी गाणं म्हटलं की जो ढोल आणि जो उत्सव आपण गृहीत धरतो, तो इथे नाही. सगळं मंद, काळोखं, खालच्या अंगाला झुकलेलं. याच सेझ यांनी सीधे मौत या जोडीबरोबर केलेला ‘नायाब’ (२०२२) त्यापुढची पायरी आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे : हे पश्चिमेकडचं असेल, आपली परंपरा शब्द-सुरांची. मला हे इतिहासाला धरून वाटत नाही. संगीत नाटकातल्या गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागे, आणि त्या गायकीचा घाट त्या गरजेतून घडला. १९२५ च्या सुमारास ध्वनिमुद्रणात विजेचा मायक्रोफोन आला. आता हळू, घरगुती, कानाशी बोलल्यासारखं गाता येऊ लागलं. मराठीत १९३० च्या दशकात जी. एन. जोशी, गजानन वाटवे यांच्यासारख्यांनी भावगीत घराघरांत नेलं ते ध्वनिमुद्रिका, रेडिओ आणि मायक्रोफोन यांच्या बळावर, आणि ७८ फेऱ्यांच्या तबकडीत मावतील एवढ्याच तीन-सव्वातीन मिनिटांत. ज्या भावगीताच्या नावाने आपण आज नव्या गाण्याला नाकारतो, ते स्वतः आवाजाच्या एका नव्या तंत्राचं अपत्य आहे. राहुलदेव बर्मन यांनी पेल्यावर चमचा वाजवून गाण्याची सुरुवात केली, ए. आर. रहमान यांनी १९९२ मध्ये ‘रोजा’ दिला, तेव्हाही आपण आधी नादालाच भुललो होतो. तो आनंद घेतला सगळ्यांनी, पण श्रेय चालीच्या खात्यावर मांडलं.

शब्दांचं काय, हा प्रश्न त्यातूनच निघतो. शब्द मागे पडतात हे काही ठिकाणी खरं आहे, आणि ‘प्रॉमिसेस’मध्ये तर ते नाहीतच. पण रॅपमध्ये शब्द हेच तालवाद्य होतं, आणि मराठीला इथे मोठी संधी आहे. आपल्या ट-ठ-ड-ढ-ळ यांचा खणखणीतपणा पोवाड्याने आणि लावणीने पूर्वीच ओळखला होता. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ आलं. हाउसच्या अखंड ठोक्यावर गावरान मराठी. नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने ते प्रसिद्ध केलं आणि मराठीचा गंध नसलेले लोक त्यावर नाचले. अर्थाच्या अंगाने ते थोर गाणं नाही आणि तसा त्याचा दावाही नाही. पण मराठी व्यंजनं इलेक्ट्रॉनिक ठोक्याच्या फटींत किती नेमकी बसतात, हे त्याने दाखवलं. अर्थही हवा असेल तर मुंबईच्या स्वदेसी या गटाचं ‘द वारली रिव्होल्ट’ ऐका. आरेच्या जंगलात राहणाऱ्या आदिवासींची बाजू मांडताना त्यात मराठी रॅपच्या जोडीला प्रकाश भोईर यांचा आवाज आहे, आणि दोन आवाजांच्या पोतातला फरकच गाण्याचा मुद्दा सांगून जातो.

एक व्यावहारिक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. हे सगळं फोनच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नका. त्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्जाचा बहुतेक भाग उमटतच नाही, म्हणजे ‘क्लास-सिख’चा किंवा ‘बॅड गाय’चा पायाच गायब होतो. भावगीत फोनवर ऐकलं तरी चाल शाबूत राहते. नादावर उभं असलेलं गाणं तिथे कोसळतं. ‘काहीच लक्षात राहत नाही’ या तक्रारीचा काही भाग तरी इथून येत असावा. साधे, बऱ्यापैकी हेडफोन पुरतात.

शेवटचा आक्षेप मला पूर्णपणे परतवता येत नाही. चाल एकाकडून दुसऱ्याकडे जाते. पेटीवर वाजवता येते, आईकडून मुलीकडे येते, भजनी मंडळात शिरते. नाद असा देता येत नाही. तो त्या माणसाच्या फुंकरीत, त्या खोलीत, त्या ध्वनिमुद्रणात अडकलेला असतो. फॅरो सँडर्स सप्टेंबर २०२२ मध्ये वारले. ‘प्रॉमिसेस’ तोवर रंगमंचावर एकदाही वाजलं नव्हतं. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या हॉलीवूड बोलमध्ये ते प्रथमच सादर झालं, आणि सँडर्स यांची जागा शबाका हचिंग्ज यांनी घेतली. हचिंग्ज स्वतः मोठे वादक आहेत, पण ध्वनिमुद्रणातली ती ऐंशीकडे झुकलेल्या छातीची खरखर कोणालाच पुन्हा आणता येणार नाही. चालीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं हे म्हणणं मला मान्य आहे. त्याला माझं एवढंच उत्तर की अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकाही आपण बंदिशीच्या ओढीने ऐकत नाही. बंदिश इतरांकडूनही मिळते, ती आस मात्र तिथेच मिळते.

पुढच्या भागात आफ्रिकेकडे : सहाराच्या वाळवंटातली तुआरेग गिटार आणि लेगॉसचं अफ्रोबीट्स.