खजुराचीं प्रयोगशाळेंतील रोपें

खजुराचीं रोपें विकत घ्यावीं काय, असा प्रश्न आमच्या सभासद बंधूंपैकीं कांहींजण वारंवार करितात. केळीचीं ऊतिसंवर्धित रोपें, म्हणजे बाजारांत ज्यांस 'टिश्यू कल्चर' म्हणतात तीं, जळगांवाकडील बागाईतदारांस चांगलीं परिचित आहेत; त्यामुळें खजुराचेंही तसेंच असेल, अशी समजूत होणें स्वाभाविक आहे. परंतु केळींत फसलेला शेतकरी वर्षभरांत सावध होतो. खजुरांत फसलेल्यास तें कळावयास चार-पांच वर्षें लागतात. म्हणून ही विद्या काय आहे व तिच्या मर्यादा कोणत्या, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

खजुरांत नर व मादी झाडें निराळीं असतात. बी पेरल्यास सुमारें निम्मीं झाडें नर निघतात, आणि कोणतें नर व कोणतें मादी हें पहिली पोय येईपर्यंत समजत नाहीं. मादी निघालेलें झाडही आईसारखें फळ देईलच असें नाहीं. कच्छांत पिढ्यान्‌पिढ्या बियांपासून झाडें वाढविलीं गेलीं. त्यामुळें तेथें फळाचा रंग, आकार व गोडी झाडागणिक भिन्न आढळते. जातिवंत झाड हवें असल्यास बुंध्याशीं येणारे फुटवे काढून लावणें हा अरबांचा जुना मार्ग होय. पण एक झाड सबंध आयुष्यांत साधारणतः दहा-वीस फुटवेच देतें, आणि तेही तरुणपणीं. शिवाय फुटव्याबरोबर लाल सोंड्या भुंगा नव्या मुलखांत शिरतो. आपल्या कोंकणांतील माडांचाही तो शत्रु आहे. मोरोक्को देशांत 'बायूद' नांवाच्या मर रोगाची बुरशी फुटव्यांबरोबरही पसरली व लक्षावधि झाडें मेलीं.

ही अडचण प्रयोगशाळेनें दूर केली. उत्तम मादी झाडाचा निरोगी फुटवा घेऊन त्याचीं पानें एकामागून एक सोलतात व आंतील कोंवळा कोंब काढतात. तो निर्जंतुक करून त्याचे तुकडे कांचेच्या बाटलींत खाद्यावर ठेवितात. या खाद्यांत साखर, क्षार, जीवनसत्त्वें, वाढीचीं संप्रेरकें व गोठविण्यासाठीं समुद्रशैवालापासून निघणारें अगर असतें. क्षारांचें प्रमाण बहुधा मुराशिगे व स्कूग या शास्त्रज्ञांनीं १९६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकावरून घेतात. खजुराचा कापलेला भाग स्वतःच्याच रसानें काळा पडून मरूं लागतो. तो रस शोषून घेण्यास खाद्यांत कोळशाची पूड घालतात.

यापुढें दोन वाटा आहेत. एकींत कोंबापासून थेट नवे कोंब फुटवितात. दुसरींत प्रथम पेशींचा आकारहीन गोळा वाढवून त्यांतून बियांतल्यासारखे गर्भ उत्पन्न करितात. दुसऱ्या वाटेनें रोपें पुष्कळ मिळतात. पण गोळ्याची अवस्था लांबली व संप्रेरकें अधिक झालीं, तर मूळ गुण बिघडण्याचा धोकाही वाढतो. मुळें फुटल्यावर रोपें हरितगृहांत हळूहळू बाहेरच्या हवेस सरावतात. फुटवा सोलल्यापासून रोप विक्रीस येईपर्यंत तीन वर्षें किंवा अधिक काळ जातो. किंमत जबर असते ती यामुळेंच.

आतां दोष सांगतों. बिघडलेलें झाड कधीं खुजें राहतें. तें लवकर ओळखतां येतें. पण कधीं तें दिसावयास धडधाकट असतें व दोष फुलांत असतो. निरोगी मादी फुलांत तीन बीजकोश असून त्यांतील एकच वाढून फळ होतें. सदोष झाडांत कोश तीनांहून अधिक येतात, किंवा परागण करूनही फळ धरत नाहीं व बिनबियांचीं कवडीमोल फळें लोंबतात. बरही जातींत हा प्रकार विशेष आढळला आहे. तसेंच, प्रयोगशाळेंतील रोप रोगमुक्त असतें, रोगरोधक नव्हे. शेतांत आल्यावर त्यास भुंगा लागूं शकतो.

आठ मीटर अंतरानें हेक्टरीं १५६ झाडें बसतात. एवढें भांडवल गुंतवितांना तोंडी हमीवर विसंबूं नये. जात, प्रयोगशाळेचें नांव, वाढीची पद्धति व तुकडीचा क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा. शेताचा नकाशा करून प्रत्येक झाडास क्रमांक द्यावा, म्हणजे पुढें दाद मागतांना पुरावा राहील. शक्य तर त्याच प्रयोगशाळेचीं फळावर आलेलीं झाडें स्वतः पाहून यावें. शंभर माद्यांस पांच ते दहा नर राखावे. पोय फुटल्यावर दोन-तीन दिवसांत हातानें परागण करावें लागतें.

पश्चिम राजस्थानांत २००७-०८ पासून अशीं रोपें लाविलीं गेलीं; पण तेथील हवा कोरडी. आपल्याकडे फळ पिकण्याच्या ऐन वेळीं पाऊस येतो व फळें कुजतात. म्हणून झाडावर पिकविण्याची आशा न धरितां, बरहीसारखें पिवळें, कडक असतांनाच गोड लागणारें फळ ताजें विकावें लागेल; तें फार दिवस टिकत नाहीं, तेव्हां बाजार आधीं पाहून ठेवावा. बिकानेरची केंद्रीय शुष्क बागवानी संस्था व कच्छांतील मुंद्रा येथील खजूर संशोधन केंद्र यांचा सल्ला घ्यावा. आमचें मत विचाराल तर प्रथम बांधालगत दहा-बारा झाडें लावून पाहावीं. त्यांचीं फुलें व फळें डोळ्यांनीं पाहिल्यावरच बाग वाढवावी.