लोकलच्या एका फेरीचे हक्कदार

मुंबईच्या लोकलसाठी डबे बांधता येतात, पैसाही उभा राहतो. गाडे अडते ते रुळापाशी. दोन गाड्यांमध्ये काही मिनिटांचे अंतर राखावेच लागते, त्यामुळे गर्दीच्या तासात एका मार्गावरून मोजक्याच फेऱ्या निघतात. त्यांवर नोकरदार, मेल-एक्सप्रेसचा प्रवासी आणि मालगाडी असे सगळेच हक्क सांगतात.

जलद आणि धीमी गाडी एकाच रुळावर घातली, की जलद गाडी धीमीला गाठते आणि तिच्यामागे रखडते. हे टाळायला मध्ये मोठी मोकळीक ठेवावी लागते, म्हणजे एकूण फेऱ्या घटतात. म्हणूनच मध्य रेल्वेवर कल्याणपर्यंत दोघींचे मार्ग वेगळे आहेत. ठाणे ते दिवा या चिंचोळ्या टप्प्यात लांब पल्ल्याच्या गाड्याही लोकलच्याच रुळांवर असत. तिथली पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाली, तेव्हा कुठे मध्य रेल्वेला 36 फेऱ्या वाढवता आल्या. त्यातल्या 34 एसी होत्या.

प्रवाशांच्या रागाचा खरा भडका त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उडाला. या वेळी फेऱ्या वाढल्या नाहीत. 10 साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आल्या. कळवा स्थानकात येणाऱ्या गाडीत सकाळी पाय ठेवायला जागा नसते, म्हणून अनेक कळवेकर तिथल्या कारशेडमधून निघणारी गाडीच पकडतात. 19 ऑगस्टला त्यांनी शेडमधून निघालेली एसी लोकल अडवली. बदलापूरचे प्रवासीही संतापले. 25 ऑगस्टपासून या दहाही फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या.

एसीची मागणी खोटी नव्हती. मे 2022 मध्ये 5 किलोमीटरचे एसी तिकीट 65 रुपयांवरून 30 रुपयांवर आल्यावर एसी लोकलची गर्दी वाढली होती. एसी लोकलच्या बंद दारांचे मोलही कमी नाही. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतले प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले. त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप मिटणारी दारे बसवण्याचे रेल्वेने जाहीर केले. पण साध्या पासावर एसी गाडीत चढता येत नाही, आणि हातची फेरी गेलेल्या पासधारकाला थंड हवेचे कौतुक कसे असणार?

12 डब्यांची गाडी 15 डब्यांची केली, तर तेवढ्याच फेऱ्यांत पाव पट अधिक माणसे जातात. त्यासाठी फलाट लांबवावे लागतात. साध्या फेऱ्यांना हात लावण्याआधी हे काम उरकणे अधिक शहाणपणाचे होते.