ज्याला मोड नाही

फेब्रुवारी-मार्चमध्ये हिंगोली जिल्ह्यात हळद निघते. कंद शिजवायचे, उन्हात वाळवायचे, ढोलात फिरवून पॉलिश करायचे आणि पोती भरून हिंगोलीचा किंवा वसमतचा बाजार गाठायचा. पट्टी हातात पडते तेव्हा लग्नसराई तोंडावर आलेली असते, त्यामुळे हळदीचा पैसा घरी पोचायच्या आत त्याचं अर्धं सोनं झालेलं असतं. जोडवी, डोरलं, लहानसहान डाग गावच्या सोनाराकडे होतात. पोरीच्या लग्नाचं भारी सोनं असलं की माणसं नांदेडला जातात. तिथल्या सराफी पेढ्यांच्या पाट्यांमध्ये एक जळगावची आहे : रतनलाल सी. बाफना.

मूळ राजस्थानचे रतनलालजी जळगावात स्थिरावले आणि १९७४ मध्ये त्यांनी स्वतःचं दुकान काढलं. त्यांची ओळख ‘दागिन्यांचे कलाकार’ अशी करून देणं सोपं आहे, पण ते खरं नाही. घडवणारे हात कारागिरांचे होते. त्यांचा स्वतःचा धंदा विश्वासाचा होता, आणि जळगावात तो आधीपासून मुरलेला होता. राजमल लखीचंद ही तिथली पेढी १८५४ पासूनची. कापूस आणि केळी यांच्या पैशावर हे शहर ‘सुवर्णनगरी’ झालं, जसं आज हळदीच्या पैशावर आमच्याकडचं सोनं होतं.

१९७४ हे वर्ष सराफी सुरू करायला काही सोयीचं नव्हतं. १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी घातली होती. ती पुढे उठली, पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि सोनाराला शंभर ग्रॅमपेक्षा जास्त कच्चं सोनं जवळ ठेवायची चोरी झाली. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. म्हणजे या दुकानाची पहिली सोळा वर्षं परवाने आणि नोंदवह्या सांभाळण्यात गेली. हॉलमार्क २००० साली आला आणि सक्तीचा झाला तो जून २०२१ पासून, तोही सुरुवातीला देशातल्या २५६ जिल्ह्यांतच. त्याआधी गिऱ्हाइकाच्या हाती काय होतं? कसोटीच्या दगडावरची एक रेघ आणि समोरच्या माणसाचा शब्द.

या शब्दाची खरी परीक्षा सोनं विकताना होत नाही, मोड घेताना होते. बोरमाळच घ्या. तिचे मणी आतून पोकळ, त्यात लाख भरलेली. घेताना ती गळ्यात ठसठशीत दिसते. मोडायला आणली की लाख वजा होते, टंच पाहिला जातो, घट धरली जाते, घडणावळ तर गेलेलीच असते. तोळ्याचंही तसंच. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आताचे व्यवहार दहा ग्रॅमचे, आणि आजीच्या तोंडचा तोळा व दुकानातला तोळा यांत दीड ग्रॅमहून जास्त फरक. पाऊस नसलेल्या साली, डोक्यावर पदर घेतलेली बाई पुरचुंडी सोडते तेव्हा तिला हे हिशेब कोण समजावून सांगतं आणि कोण सांगत नाही, यावरून सराफाची पत ठरते. दागिन्याच्या नक्षीवरून ती ठरत नाही.

पण शेतकऱ्याच्या घरात बचतीची पासबुकं दोन असतात. एक सोनं, दुसरं दावणीचं जनावर. अडचण आली की आधी जनावर बाजारात जातं, मग डाग. फरक एवढाच की तीस वर्षं वापरलेल्या पाटलीला मोड मिळते, बारा वर्षं नांगर ओढलेल्या बैलाला मिळत नाही. बाफनांच्या दानधर्माकडे मी याच बाजूने पाहतो. जळगावजवळ कुसुंब्याला त्यांनी ‘अहिंसा तीर्थ’ ही गोशाळा उभी केली. सोडवून आणलेली, भाकड, थकलेली गुरं सांभाळणारी जागा. आयुष्यभर जुन्या वस्तूची किंमत काढणाऱ्या माणसाने, काट्यावर काहीच किंमत न येणाऱ्या जिवांसाठी दुकानातला पैसा लावला. आचार्य हस्तीमलजी महाराजांवर त्यांची श्रद्धा होती. ही प्रेरणा तिथली, बाजारातली नव्हे.

त्यांचं दुसरं वेड शाकाहाराचं. शाकाहार आणि सदाचार यांचा प्रचार त्यांनी व्याख्यानांतून आणि पत्रकांतून वर्षानुवर्षं केला. इथे माझं त्यांच्याशी जमत नाही. आमच्याकडे कंदुरीला बोकड पडतो आणि बाजाराच्या दिवशी घरोघरी मटण शिजतं, त्याने कोणी कमी सदाचारी ठरत नाही. पण एक मान्य करावं लागतं. त्यांच्या गिऱ्हाइकांत मटण खाणारे काही कमी नसणार. धंदेवाईक माणूस अशा विषयावर गप्प बसतो. ते बसले नाहीत.

गोशाळेचा प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी मार्च २०१५ मध्ये बैलांनाही लागू झाली. तेव्हापासून म्हाताऱ्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक मिळणं अवघड झालं आणि कडब्याचा खर्च शेतकऱ्याच्या अंगावर आला. एका दानशूर सराफाची गोशाळा किती दावणी मोकळ्या करणार? सेनगावच्या, कळमनुरीच्या कोरडवाहू शेतकऱ्याला कुसुंबा फार लांब आहे. ज्याची हळद नाही, ज्याचं सगळं सोयाबीनवर, त्याच्या गोठ्यातला बैल तिथपर्यंत पोचत नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये रतनलालजी गेले. पेढी चालू आहे, गोशाळाही. नांदेडच्या बाजारात लग्नाच्या दिवसांत हिंगोली-वसमतची माणसं आजही पिशवी छातीशी धरून येतात. नवऱ्या मुलीच्या बोटाला कालच्या हळदीचा पिवळा रंग असतो, बापाच्या नखात परवाच्या. आई जुनी बोरमाळ काढून काट्यावर ठेवते आणि विचारते, ‘लाख किती निघंल?’