वायफाय गेलं म्हणजे नक्की काय गेलं?

महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस, आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं वायफायचं चिन्ह गायब. त्याच्या जागी पृथ्वीचा गोळा. घरातला फोन मात्र त्याच राऊटरवर व्यवस्थित चालतोय. मग लॅपटॉप पिशवीत घालून दुकान गाठलं जातं आणि काउंटरवर बहुधा तीनपैकी एक वाक्य ऐकू येतं : ‘फॉरमॅट मारावा लागेल’, ‘ड्रायव्हर उडालाय’ किंवा सगळ्यांत महागडं, ‘मदरबोर्ड गेला’. ही तिन्ही वाक्यं कधी ना कधी खरी असतात. पण एकही तपासणी न करता कुणी ती उच्चारली, तर विद्यार्थ्यानं पैसे देण्याआधी थांबावं. ‘वायफाय चालत नाही’ या एका तक्रारीमागे चार-पाच निरनिराळे बिघाड असतात, आणि त्यांपैकी बरेचसे घरच्या घरी, फुकटात ओळखता येतात.

मदरबोर्डपासूनच सुरुवात करू. वायफाय मदरबोर्डातच असतं, असं पुष्कळांना वाटतं. बहुसंख्य लॅपटॉपांत ते एक सुटं कार्ड असतं. तळाचं झाकण उचललं की ते दिसतं : २२ मिलिमीटर रुंद, ३० मिलिमीटर लांब, साधारण टपाल तिकिटाएवढं. एक टोक खाचेत बसलेलं, दुसरं एका बारीक स्क्रूनं दाबलेलं. त्याला दोन केसासारख्या वायरी, बहुधा एक काळी आणि एक पांढरी, टिचबटणासारख्या इवल्या गोल टोकांनी बसवलेल्या असतात. या वायरी बिजागरीतून वर जातात आणि स्क्रीनच्या चौकटीत दडवलेल्या अँटेनांना मिळतात. कार्ड मेलं तरी मदरबोर्ड धडधाकट असू शकतो. काही पातळ लॅपटॉपांत कार्ड बोर्डावर डाख देऊन कायमचं बसवलेलं असतं, तिथे गोष्ट वेगळी. पण तो प्रकार आहे की नाही, हे झाकण उघडल्याशिवाय किंवा त्या मॉडेलची माहिती पाहिल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

या वायरींमुळे आणखी एक घोटाळा होतो. ‘स्क्रीन बदलून आणल्यापासून वायफाय नीट पकडत नाही’ ही तक्रार नेहमीची आहे. राऊटरशेजारी बसलं की सगळं ठीक, पलीकडच्या खोलीत गेलं की सिग्नल गुल. इथे कार्ड शाबूत असतं. झाकण लावताना टिचबटण निसटलेलं असतं किंवा वायर बिजागरीत चेपलेली असते. अशा लॅपटॉपवर कितीही वेळा नवी विंडोज टाकली तरी फरक पडत नाही.

‘मी बंद करून परत चालू केला, तरी होत नाही.’ हे सांगणारा खरंच बोलत असतो, पण त्याच्या लॅपटॉपनं ते पूर्णपणे केलेलं नसतं. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे आणि ती बहुतेक यंत्रांवर आपोआप चालू असते. तिच्यात ‘शट डाउन’ दाबल्यावर आपले प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा, त्यात ड्रायव्हरही आले, आहे त्या स्थितीत डिस्कवर साठवला जातो आणि सकाळी तसाच्या तसा उचलला जातो. रात्री अडकलेला ड्रायव्हर सकाळीही अडकलेलाच. ‘रीस्टार्ट’ दाबलं तर मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. नावं ऐकून उलटंच वाटतं, त्यामुळे भलेभले इथे फसतात.

रीस्टार्टनंही काम झालं नाही, तर एक पायरी उरते. लॅपटॉप बंद असला तरी कार्डाकडे थोडी वीज जात राहू शकते आणि त्याच्या आतलं छोटं सॉफ्टवेअर चुकीच्या अवस्थेत रुतून बसतं. त्यासाठी लॅपटॉप बंद करायचा, चार्जर काढायचा, बॅटरी सहज निघणारी असेल तर तीही काढायची, आणि पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरायचं. मग चार्जर लावून चालू करायचं. रात्री स्लीपमध्ये ठेवलेल्या लॅपटॉपचं कार्ड सकाळी अचानक नाहीसं झालं असेल, तर या उपायानं ते परत येण्याची शक्यता चांगली असते.

‘ड्रायव्हर उडाला’ हे निदान खरं की खोटं, ते लॅपटॉप स्वतःच सांगतो. स्टार्ट बटणावर राइट क्लिक, ‘डिव्हाइस मॅनेजर’, त्यात ‘नेटवर्क अडॅप्टर्स’. कार्डाच्या नावावर खाली वळलेला छोटा बाण असेल, म्हणजेच कोड २२, तर ते कुणीतरी बंद केलंय. ‘एनेबल’ केलं की झालं. पिवळा त्रिकोण आणि कोड १० म्हणजे कार्ड दिसतंय, पण सुरू होत नाही. इथे ड्रायव्हरवर किंवा मघाच्या रुतलेपणावर संशय घ्यावा. ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करून रीस्टार्ट केलं की विंडोज कार्ड नव्यानं ओळखायचा प्रयत्न करते. ड्रायव्हरची फाइल काढून टाकण्याच्या चौकोनात मात्र खूण करू नये. आणि नावच नसेल, ‘शो हिडन डिव्हाइसेस’ केल्यावर ते फिकट, कोड ४५ सह दिसत असेल, तर विंडोजला कार्ड जोडलेलंच सापडत नाहीये. ते सैल झालंय, मेलंय किंवा बायॉसमधून बंद आहे. खरा स्क्रूड्रायव्हर इथे लागतो.

ब्लूटूथ चालतंय म्हणून कार्ड ठीक, हा तर्कही पुरता टिकत नाही. दोन्ही बहुधा एकाच कार्डावर असतात, पण ब्लूटूथ आतल्या यूएसबी मार्गानं बोलतं आणि वायफाय सहसा दुसऱ्या, पीसीआय एक्सप्रेस मार्गानं. एक जाऊन दुसरं राहू शकतं. दोन्ही एकदम गेली, तर मात्र कार्डाकडे बोट दाखवायला हरकत नाही.

फोन चालतो म्हणजे दोष लॅपटॉपचाच, हेही दर वेळी खरं नसतं. राऊटर दोन नावं दाखवतो, एकाच्या शेवटी ‘५जी’. फोनला दोन्ही दिसतात, जुन्या लॅपटॉपला एकच. हे ५जी मोबाइलचं नव्हे. ते ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क असतं आणि जुन्या स्वस्त कार्डांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकू येतं. बिघाड काहीच नाही. वायफाय जोडलेलं दिसतंय पण आयपी पत्ता १६९.२५४ नं सुरू होतोय, तर राऊटरनं पत्ता दिला नाही म्हणून लॅपटॉपनं स्वतःच एक घेतलाय; पासवर्ड पुन्हा टाकून आणि राऊटर बंद-चालू करून पाहावं. साइट सुरक्षित नसल्याचे इशारे सगळीकडेच येत असतील, तर घड्याळाकडे बघावं. जुन्या लॅपटॉपची आतली छोटी बॅटरी संपली की तारीख काही वर्षं मागे जाते आणि ब्राउझर सुरक्षा प्रमाणपत्रं नाकारतो.

कधी दोष थेट अपडेटचा असतो. २०२३ च्या अखेरीस विंडोज ११ च्या एका अपडेटनंतर काही लॅपटॉपांची वायफाय जोडणी तुटू लागली, विशेषतः विद्यापीठांच्या आणि कार्यालयांच्या नेटवर्कवर. मायक्रोसॉफ्टनं ते मान्य करून बदल मागे घेतला. अशा वेळी फॉरमॅट मारणं म्हणजे विद्यार्थ्याचे फोटो आणि नोट्स नाहक धोक्यात घालणं. डिव्हाइस मॅनेजरमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ किंवा नुकतंच आलेलं अपडेट काढून पाहणं कितीतरी सौम्य.

‘नेटच नाही तर ड्रायव्हर उतरवायचा कसा?’ फोन चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडायचा आणि फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करायचं. केबल डेटा वाहून नेणारी हवी, एवढंच. अँड्रॉइड फोनला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही, आणि फोन स्वतः घरच्या वायफायवर असेल तर त्याचंच नेट लॅपटॉपला मिळतं. शिष्यवृत्तीचा अर्ज आधी याच मार्गानं भरून टाकावा. मग ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून, मॉडेल नंबर बघून घ्यावा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणाऱ्या प्रोग्रामांच्या वाटेला जाऊ नये.

कार्ड खरंच मेलं असेल, तर नवं घेतानाही एक खाचखळगा आहे. इंटेलचं एएक्स २१० आणि एएक्स २११ दिसायला सारखी, खाचही जवळपास तशीच. पण एएक्स २११ चं निम्मं काम इंटेलच्या ठरावीक चिपसेटकडे असतं. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ते चालत नाही. झाकण उघडायचंच नसेल, तर काही शेकड्यांत मिळणारा यूएसबी वायफाय डोंगल पुरतो. तो २.४ गिगाहर्ट्झचा असेल, तर शेजारच्या यूएसबी ३ पोर्टात हार्ड डिस्क लावलेली नसावी. त्या पोर्टांचा गोंगाट याच पट्ट्यात येतो, हे इंटेलनंच २०१२ मध्ये मोजून दाखवलं होतं. वीतभर एक्स्टेंशन केबल लावून डोंगल बाजूला नेला तरी फरक दिसतो.