लॅव्हेंडर मरतं ते पावसाळ्यात

शिरूर-दौंडकडे लॅव्हेंडर लावायचं म्हटलं की पहिली शंका निघते ती उन्हाळ्याची. खरी अडचण पावसाळ्याची आहे. दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले, वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास. लॅव्हेंडरच्या मुलखातल्या, दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेलचा आकडाही जवळपास तेवढाच. पण तिथे पाऊस मुख्यतः शरदात आणि हिवाळ्यात, गारव्यात पडतो. उन्हाळा कोरडा जातो, आणि त्या कोरड्या उन्हातच झुडूप फुलतं. आपल्याकडे पाऊस जून ते ऑक्टोबर, जोर सप्टेंबरात, आणि हवा उबदार. त्यात भीमाकाठची काळी जमीन चांगली भिजली की लवकर वाफशावर येत नाही. अशा मातीत बुरशी मुळं धरते, खोड बुडाशी काळं पडतं, आणि वाळलेली पानं पाहून मालक आणखी पाणी घालतो!

मग कण्हेर कशी जगते, असं कोणी विचारेल. तीही भूमध्य समुद्राकाठी रानात वाढते, आणि आपल्याकडे महामार्गांच्या दुभाजकांत बिनातक्रार फुलते. विषारी असल्याने शेळ्याही तिच्या वाटेला जात नाहीत. पण कण्हेर मूळची ओढ्यानाल्यांच्या पात्रातली, पूर आणि कोरड दोन्ही सोसणारी. लॅव्हेंडर चुनखडीच्या खडकाळ उतारावरचं. मुलूख एक असला तरी जागा वेगळी, आणि झाडाला कळते ती जागा. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: लॅव्हेंडरच्याच प्रजातीतली घोडेघुई दख्खनच्या माळांवर आपोआप उगवते. खरं आहे, पण ती उगवते पाणी न थांबणाऱ्या मुरमाड उतारावर, आणि तिचं चक्रच मोसमी पावसाशी बांधलेलं आहे. जम्मूतल्या भद्रवाहची जांभळी शेतंही इथे पुरावा ठरत नाहीत. युरोपीय लॅव्हेंडरला भरघोस फुलायला हिवाळ्याची कडक थंडी लागते. ती भद्रवाहला मिळते, दौंडला नाही.

म्हणून सुगंधाचीच हौस असेल तर रोझमेरी बरी. फुलं कमी येतील, पण तिचा वास पानांत असतो. सुईसारखं पान चुरडलं की बोटांना चिकटतो. काळ्या रानात खड्डा घेऊ नये. मुरूम आणि वाळू घातलेला उंच वाफा करावा, किंवा सरळ मातीची कुंडी, म्हणजे झडीत वळचणीला सरकवता येते. दिवाळीनंतर शेंडे छाटून त्याच काड्या वाळूत खोचाव्यात. त्यांना मुळं फुटतात, आणि पुढच्या पावसाळ्यात एखादं झाड गेलंच तर दुसरं हाताशी राहतं.