उसातला ट्रॅक्टर बर्फात

कोल्हापूरची शिवाजी पेठ शहरात आहे, पण तिचा एक पाय कायम शेतात असतो. पेठेतल्या कितीतरी घरांचा ऊस नदीकाठाला आहे, आणि त्या उसात आता बैलांच्या जागी मिनी ट्रॅक्टर आला आहे. पंधरा ते पंचवीस एचपीचा, रुंदीला जेमतेम तीन फूट. रुंद सरीत तो सरळ शिरतो, बाळबांधणी करतो, भरणी करतो. याच घरांतली पोरं शिकून अमेरिकेला, कॅनडाला गेली. शहराबाहेर एकर-दीड एकरात ज्यांनी घर घेतलं, त्यातल्या काहींच्या दारात पुन्हा याच कुळातला ट्रॅक्टर उभा आहे. तिथं त्याच्यापुढं ऊस नसतो, बर्फ असतो.

हा बर्फ किती असतो याची इथं बसून कल्पना येत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या दक्षिणेला, ऑर्चर्ड पार्क आणि हॅम्बर्ग भागात एकाच वादळात सहा फुटांहून जास्त बर्फ पडला. अरबी समुद्रावरचा ओलावा जसा गगनबावड्याला येऊन कोसळतो, तसा न गोठलेल्या एरी सरोवरावरचा ओलावा थंड वारा उचलतो आणि काठावर आणून टाकतो. साध्या दिवसाचा हिशेब केला तरी छाती दडपते. फाटकापासून गॅरेजपर्यंतची वाट वीस मीटर लांब, चार मीटर रुंद, आणि वर दीड फूट बर्फ. ताजा, भुसभुशीत असला तरी तो साडेतीन टनांच्या पुढं जातो. ओला असला तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. कडाक्याच्या थंडीत फावड्यानं एवढा बर्फ उपसताना हृदयविकाराचा झटका येऊन दर हिवाळ्यात माणसं दगावतात. ज्याची पन्नाशी उलटली आहे त्यानं फावडं हातात घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून तिथं ट्रॅक्टर लागतो, आणि या ट्रॅक्टरांत आपल्या देशाचाही वाटा आहे. महिंद्रानं 1963 साली इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारीत ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली, कारखाना मुंबईत कांदिवलीला. 1994 पासून कंपनी अमेरिकेत विकते आहे. 2023 च्या 15 ऑगस्टला तिनं जपानी मित्सुबिशीच्या जोडीनं घडवलेली ‘ओजा’ ही हलकी मालिका आणली. ती तेलंगणातल्या जहीराबादला तयार होते आणि अमेरिकेतही जाते.

मला सर्वांत जास्त भावतो तो या यंत्राचा मागचा भाग. हॅरी फर्ग्युसननं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ केलेली तीन टोकांची जोडणी, आणि इंजिनाची ताकद अवजाराला देणारा, मिनिटाला 540 फेरे घेणारा पीटीओ शाफ्ट. करवीर तालुक्यात त्याला रोटाव्हेटर जोडतात, बफेलोत स्नो ब्लोअर. ब्लोअरच्या तोंडाशी आडवा फिरणारा स्क्रू बर्फ मध्यभागी ओढतो, मागचा पंखा तो धुराड्यातून लांब भिरकावतो. दगड अडकला तर एक नरम बोल्ट मुद्दाम तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. म्हणून जाणता माणूस असे बोल्ट खिशात ठेवूनच निघतो. मागं जोडलेला ब्लोअर चालवायचा तर ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये न्यावा लागतो, तासाभरात मान आखडते. त्यामुळं पुष्कळजण पुढं लोडरची बकेट लावतात. मग मागं वजन हवंच. नाहीतर बकेट भरली की मागची चाकं हलकी होऊन जागेवर फिरतात. इथं एचपीपेक्षा पकड मोठी: फोर व्हील ड्राइव्ह, चाकांना साखळ्या, टायरांत न गोठणारं द्रावण. डिझेलही हिवाळ्याचं लागतं, साधं थंडीत जेलीसारखं घट्ट होऊन फिल्टर तुंबवतं.

धुराडं ओल्या बर्फानं चोंदलं की हात घालायचा मोह होतो. कधीही घालू नये. इंजिन बंद करायचं, पंखा थांबेपर्यंत थांबायचं, मग काठीनं मोकळं करायचं. या एका घाईत लोकांनी बोटं गमावली आहेत.

बर्फ ढकलणं तसं सोपं. तो ठेवायचा कुठं, हे ठरवणं अवघड. पहिल्या वादळातच ढीग वाटेच्या कडेपासून चांगला लांब न्यावा लागतो, कारण कडेचा ढीग गोठून दगड होतो आणि जानेवारीत वाट निम्मी उरते. शिवाय नगरपालिकेचा नांगर रस्ता साफ करताना फाटकाच्या तोंडाशी घट्ट बांध घालून जातो, तो वेगळा फोडावा लागतो. आणि ढीग घराच्या चढाला कधीच घालू नये. दहा टन बर्फ म्हणजे दहा हजार लिटर पाणी, आणि मार्च-एप्रिलात ते उतार धरून तळघरात शिरतं. 2019 आणि 2021 चा पूर पाहिलेल्या कोल्हापूरकराला पाण्याची वाट आधी बघायला शिकवावं लागत नाही. तो पहिल्या हिवाळ्यातच ढिगाची जागा घराच्या उताराला, गटारापासून मोकळी अशी आखून ठेवतो आणि बर्फाखाली कडा दिसाव्यात म्हणून जमीन गोठण्याआधी वाटेच्या दोन्ही बाजूंना उंच खुंट्या ठोकतो.