वाफेची काटकसर

ज्या घरात शिळ्या पोळीचा कुस्करा होतो आणि जुन्या लुगड्याची गोधडी, त्या घरातल्या बाईला ऑगस्ट फॉन बोरीस यांचे इंजिन समजायला वेळ लागणार नाही.

साध्या इंजिनात बॉयलरमधून आलेली वाफ सिलिंडरमधला दट्ट्या एकदा ढकलते आणि धुराड्यातून निघून जाते. जाताना तिच्यात जोर शिल्लक असतो. प्रशियाच्या रेल्वेत हॅनोव्हरला काम करणाऱ्या बोरीस यांनी १८८० मध्ये या वाफेला पुन्हा कामाला लावले. डाव्या-उजव्या बाजूंचे सिलिंडर सारखे ठेवायचे नाहीत. लहान सिलिंडरमध्ये राबलेली वाफ पलीकडच्या मोठ्या सिलिंडरमध्ये न्यायची. दाब कमी झाला, म्हणून दट्ट्या रुंद. गाडी सुटताना मात्र पंचाईत होई. पहिल्याची वाफ पोहोचेपर्यंत दुसरा उपाशी! त्यासाठी बॉयलरमधली वाफ क्षणभर थेट दुसऱ्यालाही देणारी झडप त्यांनी बसवली.

या हिशोबातून १८९३ पासून प्रशियाची एक्स्प्रेस इंजिने तयार होऊ लागली. पुढे त्यांना 'एस ३' म्हणू लागले. पुढे चार लहान चाके, मागे जवळजवळ दोन मीटर व्यासाची चार मोठी चाके, आणि वेग ताशी १०० किलोमीटरपर्यंत. १९०४ पर्यंत अशी १,०२७ इंजिने प्रशियाने घेतली.

आता गंमत पाहा. सिलिंडरच्या थंड भिंतींना लागून काही वाफेचे पाणी होते आणि तेवढा कोळसा फुकट जातो. बोरीस यांच्या युक्तीने हे नुकसान कमी होई, पण थांबत नसे. कुलपे-किल्ल्यांच्या कारागिरीत तयार झालेल्या विल्हेल्म श्मिट यांनी दुसराच मार्ग धरला. बॉयलरमधली सुमारे १९० अंशांची वाफ सिलिंडरमध्ये जाण्याआधीच पुन्हा तापवून ३०० अंशांच्या पुढे न्यायची, म्हणजे भिंतीला लागूनही ती वाफच राहील. १८९८ मध्ये असे इंजिन रुळांवर आले. बर्लिनच्या रोबर्ट गार्बे यांनी ही कल्पना उचलून धरली. वाफ तापवली, की दोन साधे सिलिंडर पुरेत, असे त्यांचे म्हणणे.

बँकेत आम्ही थकबाकी वसूल करणाऱ्याचे कौतुक करत असू. पण कर्ज देतानाच नीट पारखणाऱ्याच्या खात्यात थकबाकी फारशी नसे, म्हणून त्याचे नाव कोणी घेत नसे. बोरीस पहिल्या जातीचे, श्मिट दुसऱ्या. इथे मात्र दुसऱ्याचे नाव झाले. तापवलेली वाफ जगभर पसरली. १९४७ पासून आपल्याकडे आलेल्या, टोकदार नाकाच्या डब्ल्यूपी इंजिनातही तीच वाफ आणि दोन साधे सिलिंडर होते.

एस ३ चे पुढे काय झाले? ११ नोव्हेंबर १९१८ च्या युद्धविरामात जर्मनीने ५,००० इंजिने द्यावीत अशी अट पडली. कित्येक एस ३ परमुलखात गेली. मायदेशी उरलेली १९२० च्या दशकात मोडीत निघाली. तोवर मात्र हजारावर इंजिनांनी वाफेला दोनदा राबवून गाड्या वेळेवर पोहोचवल्या होत्या. नवी युक्ती सापडली म्हणून जुन्या काटकसरीने वाचवलेला कोळसा काही खोटा ठरत नाही.